दुमडीतलं कापड

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. शाळा त्यांनी जेमतेम सातवीपर्यंत पाहिलेली. कोपऱ्यावर त्यांचं दुकान, आत दोन मशीन, एक मास्तरांचं आणि एक मास्तरणीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. दारात एका बुटक्या स्टुलावर आप्पा बसायचे. आप्पा नात्यातले कुणी नव्हेत. काजं करणारे. बटणासाठी कापडाला भोक पाडून त्याच्या कडेने दोरा गुंफायचा, बस्स, आयुष्यभर तेवढंच काम. पण असं करायचे की शर्ट फाटून त्याचं फडकं व्हायचं, काज तसंच राहायचं.

आणि दुकानाबाहेर एक बाक होतं. बाक गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं, पण गिऱ्हाईक तासाभरात उठून जायचं आणि नुसते गप्पा मारायला आलेले दिवसभर बसायचे. मास्तरीण म्हणायची, "या बाकावर भाडं लावलं असतं तर मशीन विकून बसून खाल्लं असतं."

अख्ख्या वस्तीची छाती-कंबर मास्तरांच्या वहीत. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं खपाटीला गेलं, हे डॉक्टरच्या आधी मास्तरांना कळायचं. पण बोलायचे नाहीत. गुपचूप शिवण सैल करून द्यायचे.

त्यांचं नाव झालं ते पोरांच्या कपड्यांमुळे. शाळेचा स्कर्ट असो की पँट, खाली आतल्या बाजूला चार बोटं कापड दुमडून ठेवायचे. पोरगं वाढलं की आई यायची, मास्तर दुमड उसवून कपडा लांब करून द्यायचे. एकेक कपडा तीन-तीन वर्षं चालायचा. माप घेताना ते पोराच्या आईला विचारायचे, "घरात उंच कोण? बाप की मामा?" मामा उंच निघाला की आणखी एक बोट कापड सोडायचे. म्हणायचे, "पोरगं आज केवढंय ते टेप सांगते. उद्या केवढं होणार ते विचारावं लागतं."

आता हा माणूस पालिकेत कसा गेला? तर नळापायी.

वस्तीत पाण्याची बोंब. अर्ज देऊन देऊन लोकांची बोटं झिजली. पालिकेतल्या मोठ्या साहेबाची पँट मास्तरांकडे शिवायला आलेली. साहेब माप बघायला आला, मास्तरांनी त्याला उभा केला आणि कमरेपासून घोट्यापर्यंत टाचण्याच टाचण्या लावल्या. साहेब हलला की टोचतंय. मग मास्तर खाली बसून, तोंडात दोन टाचण्या धरून सावकाश विचारतात, "साहेब, आमच्या नळाचं काय झालं हो?"

साहेब म्हणाला, "करतो."

"कधीपर्यंत?"

"अहो, आधी या टाचण्या काढा."

"काढतो की. कधीपर्यंत?"

पंधरा दिवसांत नळ आला. बाकावरचे लोक पोट धरधरून हसले, आणि हसता हसता कुणीतरी म्हणालं, मास्तर, निवडणुकीला तुम्हीच का उभे राहत नाही? आधी चेष्टा होती. मग चेष्टेची चर्चा झाली आणि चर्चेचा अर्ज भरला गेला. समोरचा उमेदवार भाषणात म्हणाला, "टेलरला निवडून द्याल तर तो पालिकेचे खिसे कापेल." मास्तर दुसऱ्या दिवशी त्याच चौकात उभे राहिले. "मी खिसे शिवतो. कापणारे तिथं आधीच बसलेत." झालं. तिथंच निवडून आले म्हणायचे.

पहिल्या पाच वर्षांचं मास्तरांनी सोनं केलं. गल्लीत दिवे आले, गटारावर झाकणं आली, शाळेचं गळकं छप्पर दुरुस्त झालं. दुकान मास्तरणीच्या गळ्यात पडलं. पायाने चालवायची दोन मशीन, ती या मशीनवरून उठायची आणि त्या मशीनवर बसायची. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "निवडून ते आले, पाय माझे चालतात." पण मनातून सुखावलेली होती. बाजारात लोक तिला वाट करून द्यायचे. कुणाला नाही आवडणार?

दुसऱ्यांदा निवडून आले आणि शाळा समितीचे सभापती झाले. मग दाराशी गाडी, हातात फोन, मागे चार माणसं. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला. एक दिवस कोट घालून घरी आले. मास्तरणीने तो खुंटीवर टांगताना सवयीने कॉलर उलटी करून पाहिली, तर आत कुठल्या कंपनीची पट्टी.

"अहो, हा विकतचा आहे?"

"शिवायला वेळ कुठंय, अगं."

"तुम्हाला नसेल. मला सांगायचं होतं. मी काय मेले होते?"

मास्तर हसले आणि फोनवर बोलायला लागले. तिने कोटाचा खांदा चाचपून पाहिला. एक बाजू खाली होती. ते पाच-पंचवीस लोकांत तो कोट घालून हिंडले, कुणाला दिसलं नाही. तिला मात्र रोज दिसायचं.

आप्पांची नजर याच सुमारास मंदावली. सुईत दोरा जाईना. मास्तरांनी त्यांना टाकलं नाही हो, पालिकेच्या गोदामात लावून घेतलं. शाळांचा माल आला की तो तपासायचा, वहीत सही करायची. आप्पांना सही तेवढी येत होती. गोदामात ते तोच दुकानातला बुटका स्टूल घेऊन गेले.

मग आला ठेकेदार. जिभेवर साखर ठेवूनच घराबाहेर पडणारा माणूस. घरी यायचा तो "ताई, ताई" करत. पालिकेच्या सगळ्या शाळांतल्या पोरांना फुकट गणवेश द्यायचं ठरलं होतं, आणि शिवायचं काम त्याला मिळालं होतं. म्हणाला, "नमुना मात्र ताईंच्या हातचा पाहिजे. हजारो पोरं ताईंनी शिवलेलं घालणार."

मास्तरणीने तीन दिवस बाकी सगळं काम बाजूला ठेवलं. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट. स्कर्टाला खाली चार बोटं दुमड, बारीक तुरपाई, बाहेरून टाका दिसेल तर शपथ. शर्टाची काजं आप्पांनी गोदामातून येऊन केली, अर्धी नजरेने आणि अर्धी बोटाने. तो नमुना पालिकेत काचेच्या कपाटात ठेवला, वर चिठ्ठी लावून. मास्तरीण दोनदा बघून आली. एकदा बोलावलं होतं म्हणून, आणि एकदा उगाच.

त्याच वर्षी त्यांच्या घरावर मजला चढला. विटा आल्या, गवंडी आले. माणसं सगळी ठेकेदाराची. तिने विचारलं, मास्तर म्हणाले, "हप्त्याने फेडतोय." पुढे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोला. पण वर गेलं की वारा यायचा, लांबचं तळं दिसायचं. वीस वर्षं दुकानामागच्या एका खोलीत मशीनच्या तेलाच्या वासात काढलेली बाई. गेलं ते राहून.

गणवेश वाटले. बँड वाजला, फोटो निघाले. सहा-सात महिने गेले.

एका दुपारी शेजारची इस्त्रीवाली नातीचा स्कर्ट घेऊन दुकानात आली. "वहिनी, पोरगी ताडमाड वाढलीय. गुडघे उघडे पडतात. जरा लांब करून दे."

मास्तरणीने स्कर्ट उलटा केला आणि ब्लेडने दुमड उसवायला गेली. उसवायला होतंच काय? अर्धं बोट कापड. तेसुद्धा शिवलेलं नाही, चिकटवलेलं. शिवणीच्या कडेला ब्लेड लागलं तर धागे आपोआप सुटायला लागले. कमरेत हात घातला, तिथंही काही सोडलेलं नाही. कापड उजेडात धरलं तर पलीकडची इस्त्रीवाली दिसली.

"काय गं, होईल ना?" इस्त्रीवाली म्हणाली.

"ठेवून जा," मास्तरीण म्हणाली.

त्या आठवड्यात तसे अकरा स्कर्ट आले आणि सात पँटी. पोरं काय, सगळी एकाच हंगामात वाढतात. पोरं वाढतात हे ज्या माणसाला जगात सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, तोच विसरला होता.

रात्री पान वाढताना तिने एक स्कर्ट मास्तरांच्या शेजारी ठेवला. मास्तरांनी नुसता अंगठ्याने कडेला हात लावला, तेवढ्यात त्यांना कळलं. कारागीर माणूस.

"नमुन्यासारखा माल मिळाला म्हणून सही कुणी केली?" तिने विचारलं.

"सगळेच करतात, अगं."

"सगळे टेलर नसतात."

मास्तरांनी ताट सरकवलं. तिने छताकडे पाहिलं. वरचा मजला कशाचा आहे ते तिला तेव्हा कळलं, आणि आपण ते आधी का विचारलं नाही तेही कळलं. त्या दिवसापासून ती वर झोपायला गेली नाही. दुकानात दोन मशीनच्या मधे अंथरूण टाकायची.

पुढचं भरभर झालं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने पालिकेला पत्र लिहिलं. चौकशी बसली. कपाटातला नमुना आणि पोरांच्या अंगावरचे गणवेश शेजारी शेजारी ठेवून कुणीतरी फोटो छापला. बिल चांगल्या कापडाचं, माल चाळणीचा, आणि मधला पैसा ठेकेदार नि मास्तर यांच्यात वाटलेला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथं तर बाकसुद्धा फिरलं. सकाळी उठून बघावं तर बाकावर चिटपाखरू नाही. इस्त्रीवालीने समोरासमोर सांगितलं, "माझ्या नातीचं अंग उघडं पाडून तू गच्चीवर वारा खाल्लास, वहिनी."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, पण चढावी लागली. ठेकेदार तर पहिल्याच आठवड्यात परदेशी पळाला, त्याचं गोड तोंड पुन्हा कुणी पाहिलं नाही. राहिले मास्तर. आणि राहिले आप्पा, कारण गोदामाच्या वहीत मालाच्या प्रत्येक गठ्ठ्यापुढे आप्पांची सही होती.

वकील घरी आला. मास्तरीण चहा घेऊन दारापर्यंत गेली आणि आतलं बोलणं ऐकून तिथंच थांबली.

"तपासणी त्या म्हाताऱ्याची," वकील म्हणत होता. "वहीत सही त्याची. तुम्ही हजार कामांचे धनी, तुम्ही त्याच्या सहीवर विश्वास ठेवून पुढे सही केलीत. संपलं. तुम्ही सुटलात."

"आणि आप्पा?"

"म्हातारा आहे, दिसत नाही. कोर्ट दया करेल."

"नाही केली तर?"

वकिलाने खांदे उडवले. मास्तरीण वाट बघत होती, आता "नाही" म्हणतील, आता म्हणतील. चहावर साय धरली. मास्तर म्हणाले, "बघू."

तिने चहा तसाच मागे नेला आणि चपला घालून आप्पांकडे गेली. आप्पा एका खोलीत एकटे राहायचे. पलंग, स्टोव्ह आणि एका डब्यात जुनी बटणं. हात रिकामे राहू नयेत म्हणून बटणं आकाराने वेगळी करत बसायचे, आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र ओतायचे.

"आप्पा, मी मास्तरीण."

"कळलं. तुझ्या चपलेचा डावा पट्टा सुटलाय कधीचा. बस."

तिने वकिलाचं बोलणं सांगून टाकलं. आप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "टाकू दे की माझ्यावर. मला कोण आहे? तिथं निदान वेळच्या वेळी जेवायला मिळेल."

"आप्पा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत." त्यांनी एक बटण बोटात फिरवलं. "पण एक सांगू? तो मला आंधळा ठरवतोय ते काही खरं नाही. डोळे गेलेत, बोटं नाही गेली. पहिला गठ्ठा सोडला तेव्हाच मी मास्तरांना निरोप धाडला. आले. मी म्हटलं, मास्तर, यात दुमडच नाही, कापड पण चाळणी आहे. मास्तर म्हणाले, आप्पा, सही करा. मग केली." बटण डब्यात टाकून म्हणाले, "त्यांनी सांगितलेलं मी कधी मोडलं नाही. एवढी वर्षं काही चुकीचं सांगितलंच नव्हतं, मग मोडायची सवय कुठून लागणार?"

मास्तरीण घरी आली तेव्हा मास्तर दुकानात त्यांच्या जुन्या मशीनपुढे बसले होते. मशीन झाकलेलंच होतं.

"आप्पांनी सांगितलं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग?"

"मी म्हटलं, आता पोरांना दरवर्षी नवा गणवेश मिळणार आहे, कशाला हवी दुमड."

"मिळाला दरवर्षी?"

"नाही."

त्यांनी मान वर केली नाही. ती त्यांच्यावर ओरडणार होती, वाटेत सगळं जुळवून आली होती. पण समोर बसलेल्या माणसाचे खांदे पाहिले, आणि तो विकतचा कोट त्यांच्या अंगावर केवढा ढगळ झाला होता ते पाहिलं. सहा महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. बायकोच्या नजरेला माप घ्यायला टेप लागत नाही.

"आप्पा आत गेले तर बाहेर यायचे नाहीत," ती एवढंच म्हणाली. "तुम्ही याल."



कोर्टाच्या दिवशी तिने विकतचा कोट बाहेर काढलाच नाही. ट्रंकेच्या तळातून एक जुना पांढरा शर्ट काढून इस्त्री करून ठेवला. तिने शिवलेला, आप्पांनी काजं केलेला, अठरा वर्षांपूर्वीचा. मास्तर आरशापुढे उभे राहिले. काज अजून घट्ट होतं, बटण सरकेना. एकेक बटण लावायला वेळ लागत होता. ती मागे उभी राहून बघत होती, मदतीला गेली नाही.

कोर्टात टेबलावर नमुन्याचा स्कर्ट आणि पोरांचा स्कर्ट ठेवलेले. मास्तरणीला तिची तुरपाई लांबूनच ओळखू आली. तिला वाटलं, आपल्यालाच तिथं आडवं घातलंय. आप्पा भिंतीकडेच्या बाकावर, हात मांडीवर. एवढी माणसं काय बोलतायत ते त्यांना अर्धंच ऐकू येत होतं.

जज्जबाईंनी चष्मा काढला. "माल कुणी तपासला?"

मास्तर म्हणाले, "आप्पांनी."

वकिलाने सुटकेचा श्वास सोडला. मास्तरणीने डोळे मिटले.

"नीट तपासला," मास्तर पुढे म्हणाले. "दुमड नाही, कापड विरळ आहे, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं सही करा. बाई, मी टेलर आहे. मला फसवायचं तर कापड मला दाखवावं लागतं, आणि मला दाखवलं की मी फसत नाही. मला ठाऊक होतं."

वकिलाने कागद गोळा करायला सुरुवात केली. आप्पा शेजारच्या शिपायाला विचारत होते, "काय म्हणाले मास्तर? काय म्हणाले?"

आप्पा सुटले. मास्तरांना चार वर्षं लागली. वरचा मजला सरकारने जप्त केला. बाहेरून लोखंडी जिना लावला आणि तिथं कुठल्यातरी खात्याची कचेरी आली. दिवसभर डोक्यावर खुर्च्या सरकायच्या. मास्तरीण म्हणायची, "बरं झालं, घर रिकामं वाटत नाही."

त्या चार वर्षांत तिने एक काम धरलं. पोरांचे ते स्कर्ट आणि पँटी घरोघरी जाऊन मागून आणायच्या आणि खाली निळ्या कापडाची चार बोटं पट्टी जोडून परत द्यायच्या. पैसे घ्यायची नाही. काही जणींनी तोंडावर दार लावलं. काहींनी कपडा दिला पण आत बोलावलं नाही. पट्टीचा निळा रंग काही जुळायचा नाही, लांबूनच कळायचं. वस्तीतली पोरं दोन रंगांच्या घेरात शाळेत जायची. इस्त्रीवालीने मात्र परत नेलेला नातीचा स्कर्ट पुन्हा दिला नाही. म्हणाली, "तसाच घालेल. दिसू दे लोकांना."

भेटीच्या दिवशी मास्तरीण जाळीपलीकडे बसायची. मास्तर विचारायचे, "आज किती झाले?" ती आकडा सांगायची. बाकी नवराबायकोचं बोलणं फारसं नसायचं. तुरुंगात त्यांना शिवणखात्यातच लावलं होतं. एकदा म्हणाले, "इथले कपडे ढगळ असतात, अगं. कुणी मापच घेत नाही."

सुटून आले तेव्हा केस पांढरे, चाल सावकाश. वस्तीत कुणी वाईट बोललं नाही, चांगलंही नाही. मास्तरांनी मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला, बसले. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. फक्त आप्पा रोज काठी टेकत यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे, दुकानाकडे तोंड करून.

नवव्या दिवशी इस्त्रीवाली आली. बरोबर नात. पोरगी आता वरच्या शाळेत, आजीच्या डोक्याच्या वर गेलेली. इस्त्रीवालीने कापड टेबलावर टाकलं. "बाकीच्यांचे दर वाढलेत म्हणून आले," ती म्हणाली. "दुसरं काही समजू नका."

मास्तरांनी टेप घेतली. पोरीचं माप घेतलं, वहीत लिहिलं. मग खाली बघतच विचारलं, "घरात उंच कोण? बाप की..."

"मामा," इस्त्रीवाली म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे कपडे तुम्हीच शिवत होतात."

चार दिवसांनी ती कपडा न्यायला आली. मास्तर घडी करून देत होते, तिने तो हातातून घेतला, तिथंच उलटा केला आणि दुमडीवर बोटं ठेवून मोजली. एक, दोन, तीन, चार. आणि पाचवं. दुकानात मास्तरणीने मशीन थांबवलं. बाकावरून आप्पा म्हणाले, "शिवण पक्की आहे. मी सकाळीच बघितलं."

"तुम्हाला कोण विचारतंय?" इस्त्रीवाली म्हणाली. पैसे ठेवले आणि गेली.

मास्तरांनी पुढचा कपडा, मास्तरणीने शिवून ठेवलेला, घडी करायला घेतला, थांबले, आणि तो उलटा केला. शिवणी बाहेर, दुमड वर. तसाच घडी घालून ठेवला.

तेव्हापासून त्या दुकानातून कपडा उलटाच मिळतो. सुलटा ज्याने त्याने घरी जाऊन करायचा, आधी बघून.